पिकअपच्या मागे मोटारसायकल लादताना : म्हैसूरच्या जुन्या जावा गाड्या, तरफेचे गणित आणि कायदा

म्हैसूर : बंगळुरू–म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य मार्गिकांवर १ ऑगस्ट २०२३ पासून मोटारसायकल, स्कूटर, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना प्रवेश नाही. या वाहनांनी शेजारच्या सेवारस्त्याने जावे, असा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा आदेश आहे. सुमारे ११८ किलोमीटर लांबीच्या या रस्त्याचे लोकार्पण १२ मार्च २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मंड्या येथे झाले होते. ज्या शहराने साडेतीन दशके देशाला मोटारसायकली पुरवल्या, त्या शहराकडे जाणाऱ्या या रस्त्यावर आता मोटारसायकल एकाच रूपाने दिसू शकते; ती म्हणजे दुसऱ्या वाहनावर लादलेला माल.

हा माल लादायचा कसा, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. टेम्पोवाल्याला बोलवावे, चार माणसांनी गाडी उचलून आत ठेवावी, दोरीने आवळावी आणि निघावे, ही आपल्याकडची रूढ पद्धत. मात्र गेल्या काही वर्षांत घरगुती वापराचे पिकअप ट्रक रस्त्यावर दिसू लागले आहेत. इसुझूचा व्ही-क्रॉस आणि टोयोटाचा हायलक्स ही त्यांतील ठळक नावे. हायलक्सची जुळणी तर याच रस्त्यालगतच्या बिडदी येथे, टोयोटा किर्लोस्कर कंपनीच्या कारखान्यात होते. अशा गाड्यांबरोबर अमेरिकेतील एक सोयही चर्चेत आली आहे. गाडीच्या मागच्या बंपरखाली बसवलेल्या हिचमध्ये लोखंडी चौकट अडकवायची आणि तिच्यावर छोटी मोटारसायकल आडवी उभी करून न्यायची, अशी ही सोय आहे. तिला हिच कॅरिअर म्हणतात. हौदा सामानासाठी मोकळा राहतो आणि मोटारसायकल फार उंच चढवावी लागत नाही, हे तिचे दोन मोठे फायदे. तोटे चटकन दिसत नाहीत. ते समजून घेण्याआधी म्हैसुरात हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, हे पाहणे आवश्यक आहे.

यादवगिरीचा वारसा

म्हैसूरच्या यादवगिरी भागात आयडियल जावा कंपनीचा कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला. त्याचे उद्घाटन म्हैसूरचे तत्कालीन राज्यपाल आणि माजी महाराज जयचामराजेंद्र वडियार यांनी केले. रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्याने येथे २५० सीसीच्या दुस्ट्रोक मोटारसायकली बनवायला आरंभ केला. सत्तरच्या दशकात गाड्यांचे नाव जावावरून येझदी झाले. इराणातील यझ्द या शहराच्या नावावरून ते घेतले होते. पुढे रोडकिंगसारखी प्रारूपे आली. जेट आणि कोल्ट या ५०–६० सीसीच्या चिमुकल्या गाड्याही याच कारखान्याच्या. १९९६ मध्ये उत्पादन थांबले.

महिंद्र समूहाच्या क्लासिक लेजंड्स कंपनीने २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी हे नाव पुन्हा बाजारात आणले खरे. पण त्या गाड्या मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे तयार होतात आणि त्यांचे इंजिन फोरस्ट्रोक आहे. मूळ म्हैसूरची गाडी आता नव्याने होणार नाही. तिचा क्रोम लावलेला टाकीचा पत्रा, तिची दोन सायलेन्सर, किक आणि गिअर यांना मिळून असलेली एकच दांडी हे सारे जपून ठेवण्याच्या वस्तू झाल्या आहेत. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी साजऱ्या होणाऱ्या आंतरराष्ट्रीय जावा दिनाला पुणे, बंगळुरू, म्हैसूर अशा शहरांत या गाड्यांचे मालक एकत्र येतात. पुणे ते म्हैसूर हे अंतर हजार किलोमीटरच्या घरात जाते आणि पन्नाशीच्या घरातील दुस्ट्रोक इंजिनावर एवढा भार टाकण्याची सर्वांचीच तयारी नसते.

शिवाय अनेक गाड्या रस्त्यावर चालवण्याच्या स्थितीत नसतात किंवा चालवण्याची परवानगीच नसते. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणाला येते. गोठ्यात किंवा माळ्याखाली वीस वर्षे पडून राहिलेली येझदी विकत घेणाऱ्याला ती घरापर्यंत चालवत नेता येत नाही. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी केंद्राने २०२१ मध्ये स्वतंत्र नोंदणीची सोय केली आहे. अशा वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असते आणि ती दहा वर्षे टिकते. मात्र त्या गाडीचा रोजचा वापर करता येत नाही. प्रदर्शन, जुन्या वाहनांची फेरी, इंधन भरणे, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. साठच्या दशकातील प्रत्येक जावा वयाच्या अटीत आता बसते. म्हणजे ज्या गाडीला सर्वाधिक जपायचे, तिलाच दुसऱ्याच्या पाठीवर बसून प्रवास करण्याची वेळ अधिक येते.

टेकू मागच्या चाकांचा

हिच कॅरिअरची रचना साधी आहे. पिकअपच्या चेसिसला मागच्या बाजूने एक आडवा लोखंडी तुळया बोल्टने जोडलेला असतो. त्याच्या मध्यभागी चौकोनी पोकळ नळी असते. अमेरिकेत तिचे प्रचलित माप दोन इंच, म्हणजे सुमारे पाच सेंटीमीटर. कॅरिअरचा दांडा या नळीत सरकवून आडवी खीळ घालायची, की झाले. दांड्याच्या टोकाला मोटारसायकलच्या चाकांसाठी आडवी पन्हळ असते. ही नळी मुळात मागे जोडलेला ट्रेलर ओढण्यासाठी आहे. ट्रेलरला स्वतःची चाके असतात. त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भागच हिचवर टेकतो. कॅरिअरला चाके नसतात. त्याचे आणि मोटारसायकलचे सारे वजन त्या एका नळीतून लोंबकळत असते. गफलत होते ती नेमकी येथे. ‘ही गाडी अडीच-तीन टन ओढते, मग शंभर किलोची मोटारसायकल काय मोठी?’ असा हिशेब मांडला जातो. ओढण्याची क्षमता आणि हिचवर उभे वजन पेलण्याची क्षमता हे दोन वेगळे आकडे आहेत आणि दुसरा पहिल्याच्या मानाने फारच लहान असतो.

त्यातही वजन किती, याहून ते कुठे आहे हे अधिक मोलाचे. हायलक्सची लांबी सुमारे ५.३ मीटर आणि पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर सुमारे ३.१ मीटर आहे. मागच्या चाकांच्या आखापासून बंपरपर्यंत साधारण सव्वा मीटर अंतर राहते. कॅरिअरवरील मोटारसायकल त्याच्याही मागे, म्हणजे आखापासून सुमारे १.७ मीटरवर येते. आता मागचा आख हा टेकू, पिकअपचा सांगाडा ही दांडी आणि मोटारसायकल हा दांडीच्या टोकाला ठेवलेला भार, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. बागेतल्या सी-सॉवर एक मूल टोकाला बसले की दुसरे टोक उचलले जाते, तेच येथे होते.

हिशेब करून पाहता येतो. हीरो स्प्लेंडरचे वजन सुमारे ११२ किलो आहे. लोखंडी कॅरिअरचे ३५ किलो धरले तर भार १४७ किलो झाला. त्याला १.७ ने गुणून ३.१ ने भागले, की उत्तर सुमारे ८० येते. याचा अर्थ पुढच्या चाकांवरचे ८० किलो वजन उचलले गेले आणि तेही मागच्या आखावर जाऊन बसले. मागच्या आखाच्या वाट्याला १४७ नव्हे, तर सुमारे २२७ किलो आले. दोनशे किलोच्या आसपास भरणारी बुलेट अशीच लादली, तर मागच्या आखावरचा वाढीव बोजा साडेतीनशे किलोच्या पुढे जातो आणि पुढची चाके सव्वाशेहून अधिक किलोंनी हलकी होतात. पुढची चाके हलकी होणे म्हणजे स्टिअरिंगची आणि पुढच्या ब्रेकची पकड सैल होणे. ओल्या रस्त्यावर, वळणावर किंवा एकाएकी ब्रेक दाबावा लागला तर ते जाणवते. हेडलाइटचा झोतही वर सरकतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो.

वरील आकडे गाडी स्थिर उभी असतानाचे आहेत. गतिरोधकावरून किंवा खड्ड्यातून जाताना टोकाला असलेले वजन वर उसळून खाली आदळते आणि क्षणभर नळीवरचा ताण दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. हजार किलोमीटरच्या प्रवासात असे हजारो धक्के बसतात. लोखंड एका धक्क्याने तुटत नाही. वेल्डिंगच्या सांध्यात सूक्ष्म तडा जातो आणि तो वाढत राहतो. म्हणून गल्लीतील वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून घेतलेल्या चौकटीबद्दल सावधगिरी हवी. वेल्डर कुशल नसतो असे नाही. त्या सांध्यावर किती ताण येणार हे त्याला कोणी मोजून दिलेले नसते. नळी आणि दांडा यांच्यात किंचित फट राहतेच. त्या फटीमुळे मोटारसायकल डावी-उजवीकडे डोलते आणि डोलण्याने फट आणखी वाढते. फट बंद करणारा शिकंजा कॅरिअरसोबत मिळत असेल, तर तो लावल्याशिवाय गाडी हलवू नये.

दोन गोष्टी सहज नजरेतून सुटतात. कॅरिअर मागे आणि खाली आल्याने चढावावर किंवा उंच गतिरोधकावर त्याचे टोक जमिनीला घासते. शिवाय डिझेल पिकअपच्या सायलेन्सरचे तोंड बहुधा मागच्या कोपऱ्यात असते. त्यातून निघणारा गरम धूर तासन्‌तास मोटारसायकलच्या टायरवर किंवा क्रोमवर आदळत राहिला, तर घरी पोहोचल्यावर पश्चात्तापाची पाळी येते.

मग हे साधन निरुपयोगी आहे काय? तसे नाही. टीव्हीएस एक्सएल १०० सारखी नव्वद किलोच्या आतली मोपेड, लहान मुलांची डर्ट बाइक किंवा जेट-कोल्टसारखी हलकी गाडी, गुळगुळीत रस्ता, ताशी ऐंशीच्या आतला वेग आणि कंपनीने ठरवून दिलेल्या क्षमतेची हिच, एवढ्या अटी पूर्ण झाल्या तर ते काम चोख करते. अमेरिकेत त्याचा वापर मुख्यतः असाच होतो. सहलीला जाताना हौद्यात तंबू आणि सामान असते, मागे छोटी मोटारसायकल असते. सुमारे १४० किलोची रोडकिंग हजार किलोमीटर न्यायची असेल, तर ते साधन चुकीचे आहे.

कायद्याची नजर मागच्या टोकावर

भारतात या साधनापुढे आणखी एक अडसर आहे. मालवाहू गाडीच्या मागे एक मीटरपर्यंत माल बाहेर काढण्याची मुभा पूर्वी नियमांत होती. ट्रकमधून बाहेर आलेल्या लोखंडी सळ्यांवर मागची वाहने आदळून जीवघेणे अपघात होत राहिले. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१४ मध्ये केंद्राने ती मुभा काढून घेतली. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये नवे पोटकलम आले. माल गाडीच्या बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेल्यास २० हजार रुपये दंड आणि माल उतरवण्याचा खर्च, अशी त्यात तरतूद आहे. माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही.

हायलक्सची रुंदी सुमारे १.८५ मीटर आहे. स्प्लेंडरची लांबी दोन मीटर. म्हणजे आडवी ठेवलेली मोटारसायकल मागे तर येतेच, शिवाय दोन्ही बाजूंनी सात-आठ सेंटीमीटर बाहेर डोकावते. दिसायला हे बोटभर वाटते. शेजारून ओव्हरटेक करणाऱ्या स्कूटरस्वारासाठी ते हँडलच्या उंचीवर आलेले चाक असते.

याखेरीज आडवी मोटारसायकल मागची नंबरप्लेट, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर झाकते. या द्रुतगती मार्गावर वेग आणि नियमभंग टिपणारे कॅमेरे आहेत. झाकलेली नंबरप्लेट त्यांच्या दृष्टीने लपवलेली नंबरप्लेट ठरते. हिच कायमची बसवणे हा वाहनातील फेरफार ठरतो का, हाही मुद्दा उरतोच. कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर कठोर भूमिका घेतली होती. बंपरपुढील लोखंडी गार्ड काढण्याची मोहीमही याच कलमाच्या आधारे झाली. त्यामुळे बाजारातून हिच आणून बसवण्यापूर्वी वाहन उत्पादकाकडून ती मान्य आहे का हे विचारावे आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. अपघात झाल्यास विमा कंपनीही प्रथम हाच प्रश्न विचारते. पिकअपच्या विम्यात त्याच्यावर लादलेल्या मोटारसायकलचे नुकसान गृहीत धरलेले नसते. त्यासाठी वाहतुकीचा वेगळा विमा घ्यावा लागतो.

हौद्यातील गाडी

या सर्वांपुढे साधा हौदा सरस ठरतो. हायलक्स किंवा व्ही-क्रॉसचा हौदा दीड मीटरच्या आसपास लांब असल्याने दोन मीटरची मोटारसायकल त्यात सरळ मावत नाही. फाळका उघडा टाकला तर मागचे चाक बाहेर येते आणि कायद्याचा तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. उपाय म्हणजे गाडी कर्णरेषेत, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे उभी करणे. बहुतेकदा ती तशी मावते आणि फाळका बंद होतो. आता तिचे वजन मागच्या आखापासून अर्ध्या मीटरच्या आत असते. वरचेच गणित पुन्हा केले, तर पुढच्या चाकांवरून ८० ऐवजी पंधरा-वीस किलोच उचलले जातात. टाटा एस, म्हणजे लोकांचा लाडका ‘छोटा हत्ती’, किंवा बोलेरो पिकअप भाड्याने घेतला तर हौदा दोन मीटरहून लांब मिळतो आणि कर्णाचा खटाटोपही उरत नाही.

एका मोटारसायकलसाठी हजार किलोमीटर टेम्पो नेणे परवडत नसेल, तर रेल्वेचे पार्सल आहे. म्हैसूरहून बेळगाव, मिरज, पुणे या मार्गाने दादरला जाणारी शरावती एक्स्प्रेस मराठी प्रवाशांच्या परिचयाची आहे. रेल्वेत टाकीतील पेट्रोल पूर्ण काढावे लागते आणि नोंदणी प्रमाणपत्राची प्रत द्यावी लागते. गोणपाटाचे वेष्टण मालकाने स्वतः उभे राहून करून घेतलेले बरे. क्रोमच्या टाकीला आधी मऊ कापड आणि फोम गुंडाळून मगच गोणपाट चढवावे, कारण गोणपाटच क्रोमवर ओरखडे काढते.

टेम्पोत बांधण्याची रीत मात्र बहुतेक ठिकाणी चुकते. गाडी साइड स्टँडवर उभी करून नायलॉनच्या दोरीने करकचून बांधली जाते. साइड स्टँडवर कललेली गाडी प्रत्येक धक्क्याला स्टँडच्या खिळीवर आदळते. मधल्या स्टँडवर उभी केली तर मागचे चाक अधांतरी राहते आणि जुन्या गाडीच्या सांगाड्यावर ताण येतो. गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी हवी आणि स्टँड वर घेतलेला हवा. पुढचे चाक हौद्याच्या पुढच्या भिंतीला किंवा लाकडी पाचरीला टेकवावे. दोरीऐवजी रॅचेटचे पट्टे वापरावेत; दोरी ताणली जाते, गाठ सरकते, पट्टा एकेका दात्याने घट्ट होतो.

पट्टे चार हवेत. पुढचे दोन पुढच्या चिमट्याच्या खालच्या जोडापासून दोन कोपऱ्यांकडे, पुढे आणि खाली ओढ देतील असे. पुढचा चिमटा साधारण निम्मा दबेल इतकेच आवळावे. अजिबात दबला नाही तर खड्ड्यात पट्टे सैल पडतात; पूर्ण दाबला तर तासन्‌तासांच्या दाबाने जुन्या चिमट्याचे ऑइल सील जातात. मागचे दोन पट्टे गाडी मागच्या बाजूने आडवी सरकू नये एवढ्यापुरते. हँडलच्या टोकांना पट्टा लावण्याचा मोह टाळावा, कारण हँडल वाकते. सायलेन्सर, मडगार्ड, आरे आणि म्हैसूरच्या गाडीत विशेषतः डावीकडील किक-गिअरची दांडी यांना पट्ट्याचा स्पर्शही नको. पट्टा जिथे रंगाला किंवा क्रोमला लागतो, तिथे सुती फडके घालावे. पेट्रोलचा नळ बंद करावा, बॅटरी आम्लाची असेल तर काढून वेगळी ठेवावी आणि टाकीत पेट्रोल कमीत कमी असावे.

पट्टे कितीही आवळले तरी पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरांत गाडी बसते आणि ते थोडे ढिले होतात. म्हैसूरहून बंगळुरूच्या दिशेने निघाल्यावर हा टप्पा श्रीरंगपट्टणाच्या आसपास येतो. द्रुतगती मार्गाच्या कडेला थांबण्यापेक्षा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उतरावे, चारही रॅचेट एकेक दाता पुढे घ्यावेत आणि मग मंड्याकडे निघावे.